गेम जपायच्या भानगडीत पडू नका

जुने व्हिडिओ गेम जपायचं खूळ डोक्यात असंल तर भावांनो आधी ते काढून टाका. माळ्यावर ती '९९९९ इन १'ची कॅसेट पडलीय ना, जिच्यात खरे गेम बोटावर मोजण्याएवढे अन् बाकी सगळे तेच, नुसतं नाव बदलून, ती आईनं दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिली तर चिडू नका, मोठाल्या कंपन्या बी तेच करायल्यात. आईकडून निदान वाटीभर लसूण तरी येतो.

अन् कॅसेट वाचलीच तर तिच्यात जोरात फुंका. फुंकरीनं गेम चालू होत नाही, काढून परत नीट बसवल्यानं होतो, पण फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना मस्त गंजतात, म्हणून फुंकाच.

गेम बनवायचा असंल तर मारिओवाल्यांचं बिलकुल ऐकू नका. १९८५ चा अख्खा गेम ४० केबीत, ढग अन् झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा, ना लॉगिन ना अपडेट, आपल्याकडं लोडशेडिंगमध्ये लाईट गेली की सगळं गेलं पण लाईट आली की पहिल्यापासून का होईना चालू तर व्हायचा. असला गेम कामून बनवायचा? तुम्ही 'द क्रू' ह्या गाड्यांच्या गेमसारखा बनवा. २०१४ ला निघाला, एकट्यानं गाडी पळवायची म्हणलं तरी सर्व्हर पाहिजे, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, खेळ खलास. डिस्क राहिली हातात, पण पैसे वाया गेले म्हणू नका, ज्वारी हुरड्यात आली की तीच डिस्क दोरीला बांधून रानात लटकवा, पाखरं लई भेतात.

सोर्स कोड, म्हणजे ज्याच्यातून गेम बनतो तो मूळ कोड, तर ठेवूच नका. सायलेंट हिल ह्या भीतीच्या जुन्या गेमची एचडी आवृत्ती २०१२ ला काढताना कोनामी कंपनीकडं शेवटचा पक्का कोडच नव्हता, अर्धवट कोडावर काम भागवलं. इकडं मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या नोंदी हुडकायला समिती हैदराबादला जाऊन आली अन् कागद सापडले बी! काय मागासलेले लोक आहोत आपण.

अमेरिकेत २०२३ ला व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन नावाच्या संस्थेनं हिशोब काढला, २०१० च्या आधी तिथं निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तवा दुकानात मिळतच नव्हते. ८७ म्हणजे बरेच आहेत पण लातूर पॅटर्नच्या मानानं कमीच, एखादी शिकवणी लावली तर शंभर टक्के निकाल लागंल.

आता एखादं पोरगं जुन्या कॅसेटमधला डेटा उतरवून ठेवायलंय असं दिसलं तर त्याला लगेच चोर म्हणा, कॉपीराइटचा धाक दाखवा. उद्या कंपनीला तोच गेम परत विकायचा असला अन् स्वतःच्या कपाटात सापडंना, तर हळूच त्याच्याकडनंच मागून घ्यायचा. तवर मात्र चोरच.