टोलमाफीच्या मेसेजबद्दल, माझी चूक दुरुस्त करतोय

परवा मीच ग्रुपवर टाकलेलं की "मुंबईचा टोल आता कायमचा बंद, अटल सेतू पण फ्री", ते अर्धवट आहे. सॉरी, न वाचताच पुढे ढकललं.

खरं काय तर १४ ऑक्टोबर २०२४ ला कॅबिनेटने निर्णय घेतला, दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी या पाच नाक्यांवर कार-जीपसारख्या हलक्या गाड्यांना माफी, त्याच मध्यरात्रीपासून. आधी कारचे ४५ रुपये जायचे. ट्रक-टेम्पोवाल्यांनी मात्र खूश होऊ नका, अवजड गाड्यांचा टोल चालूच राहिला, कारण हा टोल मुळात शहरातल्या ५५ उड्डाणपुलांचा खर्च काढायला लावलेला आणि तो पैसा कुठूनतरी येणारच ना (माफीचा भार पण शेवटी सरकारी तिजोरीवरच).

अटल सेतूचं त्या निर्णयात काहीच नव्हतं. तिथे कारला एका बाजूचे २५० रुपये पडतात, मी स्वतः गेलो तेव्हा फास्टॅगमधून कटलेत! इलेक्ट्रिक कारला नंतर माफी मिळाली, पण ती वेगळी गोष्ट.

तो जुना मेसेज कुणी पुढे पाठवला असेल तर प्लीज डिलीट करा, आणि त्या लोकांना हे पाठवा.