विमान उतरल्यानंतरचे महिने

१७ जुलै २०२४ रोजी आषाढी एकादशी होती. साखळीच्या विठ्ठलापूरला दर्शन घेऊन आम्ही घरी परतलो आणि रात्री माझ्या भाचीशी व्हिडिओ कॉलवर बोललो. ती ढाक्यातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. नोकऱ्यांतील आरक्षणाविरुद्ध तिथे विद्यार्थ्यांचे आंदोलन चालू होते. परंतु आपले वसतिगृह त्यापासून दूर असल्याचे तिने सांगितले आणि आम्ही निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे झाले आणि त्या रात्रीपासून तिला पाठवलेल्या प्रत्येक संदेशापुढे एकच राखाडी टिक दिसू लागली. १८ जुलैच्या रात्री बांगलादेशातील इंटरनेट बंद झाले होते, आणि १९ तारखेच्या मध्यरात्रीपासून संचारबंदी लागू झाली. माझी बहीण दोन दिवस ओसरीवरच्या बाकावरून उठली नाही, कारण घरात मोबाइलची रेंज तिथेच चांगली येते. अखेर आयएसडी फोन लागला, तो जेमतेम मिनिटभर. ‘‘मामा, आम्ही सगळ्या मुली एकत्र आहोत, पाणी आहे, आईला रडू नको म्हणून सांग,’’ एवढेच ती बोलली.

त्यानंतर ती इतर भारतीय विद्यार्थ्यांबरोबर आखौऱ्याच्या सीमेवरून आगरतळ्याला आली आणि तिथून कोलकातामार्गे गोव्यात मोपा विमानतळावर उतरली. बाहेर मुसळधार पाऊस होता. तिच्या हातात एकच बॅग होती, आणि रेनकोटच्या आत छातीशी धरलेले एक प्लास्टिकचे फोल्डर होते. त्यात पासपोर्ट, शुल्काच्या पावत्या, पहिल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि प्रात्यक्षिकांच्या हजेरीचे कार्ड होते. कार्डावरच्या सह्यांची शाई एका कोपऱ्यात ओलाव्याने पसरली होती आणि गाडीत बसल्यावर तिने सर्वांत आधी ते कार्ड रुमालाने टिपून मांडीवर सुकत ठेवले. आम्हाला मुलगी हाती लागल्याचा आनंद होता. तिला त्या कार्डाची चिंता होती. ती चिंता किती रास्त होती, हे मला पुढच्या दोन महिन्यांत समजले आणि ही पोस्ट मी त्यासाठीच लिहीत आहे.

सुटकेच्या कामात आपला देश कुशल झाला आहे, हे मी मनापासून मान्य करतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’ने हजारो विद्यार्थी आले, २०२५ मध्ये इराणमधून ‘ऑपरेशन सिंधू’ने आले. बांगलादेशात त्या जुलैमध्ये सुमारे ८,५०० भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतील कित्येक हजार जण काही दिवसांतच सीमेवरच्या चौक्यांवरून सुखरूप परतले. भारतीय उच्चायुक्तालयाच्या ज्या कर्मचाऱ्यांनी संचारबंदीत गाड्यांची सोय केली, त्यांचे ऋण आमच्या घरावर आहे. परंतु मूल विमानतळाबाहेर आले की सरकारचे काम संपते, वृत्तपत्रांतील छायाचित्रे संपतात, शेजारीपाजारी भेटून जातात, आणि त्याच क्षणी त्या मुलाच्या शिक्षणाचा खरा पेच सुरू होतो. त्या वेळी त्याच्या बाजूला बहुधा कोणीही नसते.

वैद्यकीय शिक्षणाचा हा पेच पालकांनी नीट समजून घ्यायला हवा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार, पुढे भारतात डॉक्टरकी करायची तर परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो, तो संपूर्णपणे एकाच संस्थेत पूर्ण व्हावा लागतो आणि १२ महिन्यांची आंतरवासिताही (इंटर्नशिप) त्याच संस्थेत करावी लागते. म्हणजे तिथे दंगल उसळली किंवा युद्ध पेटले म्हणून मध्येच दुसऱ्या देशातील महाविद्यालयात जावे, ही वाट जवळजवळ बंदच आहे. युक्रेनच्या विद्यार्थ्यांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने तात्पुरते स्थलांतर मान्य केले, पण तेही पदवी मूळ विद्यापीठाचीच राहील या अटीवर. करोना किंवा युद्धामुळे ज्यांना शेवटच्या वर्षी परतावे लागले आणि ज्यांची पदवी ऑनलाइन पूर्ण झाली, त्यांच्यासाठी त्याच वर्षी जुलैमध्ये तोडगा निघाला; परंतु भारतात आल्यावर एकाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता त्यांच्या वाट्याला आली. पडद्यावर पाहिलेला रुग्ण हा तपासलेला रुग्ण नव्हे, ही आयोगाची भूमिका एक शिक्षक म्हणून मलाही पटते. मात्र तिचा अर्थ असा होतो की घरी बसून केलेल्या अभ्यासातील किती तास मोजले जाणार आणि किती भरून काढावे लागणार, हे विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच लेखी कळले पाहिजे.

आमच्या भाचीला ते कळले नाही. तिच्या महाविद्यालयाने मोबाइलवर वर्ग सुरू केले, परीक्षा पुढे ढकलली, पण त्या वर्गांची हजेरी प्रत्यक्ष हजेरीत धरणार का, या प्रश्नाला उत्तर दिले नाही. ज्या सल्लागार संस्थेने प्रवेश मिळवून दिला होता आणि त्याचे शुल्कही घेतले होते, त्या संस्थेचा फोन तीन आठवडे कोणी उचलला नाही. परतीचे तिकीट कसेबसे काढले, तोच ५ ऑगस्टला, श्रावणाच्या पहिल्या सोमवारी, तिथले सरकार कोसळले आणि ते तिकीट रद्द करावे लागले. पुढे चवथ आली. स्टुलावर उभी राहून माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, कांगणे आणि घागऱ्या बांधत असलेल्या त्या मुलीला घरी येणारा प्रत्येक पाहुणा तेच दोन प्रश्न विचारत होता: परत कधी जाणार, आणि वर्ष फुकट गेले का? तिसऱ्या पाहुण्यानंतर ती माटोळी अर्धी टाकून माडीवर गेली आणि आरतीपर्यंत खाली आली नाही. विचारणारे सगळे आपलेच होते, मायेने विचारत होते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर तिच्या महाविद्यालयाकडेही नव्हते, ते उत्तर एका वीस-एकवीस वर्षांच्या मुलीकडे आम्ही दिवसभर मागत राहिलो.

त्याच रात्री आम्ही घरात एक व्यवस्था ठरवली आणि तिचा उपयोग झाला, म्हणून ती सांगतो. नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची ती मी. तिला कोणी विचारायचे नाही. महाविद्यालयाला फोन करणे बंद करून प्रत्येक गोष्ट ईमेलने विचारायची, म्हणजे उत्तर आले वा न आले तरी तारीख राहते. तिने प्रत्येक ऑनलाइन वर्गाची तारीख, विषय आणि शिक्षकाचे नाव एका वहीत लिहायला सुरुवात केली. शैक्षणिक कर्ज देणाऱ्या बँकेत जाऊन आम्ही पुढच्या हप्त्याची तारीख बदलून घेतली. ही विनंती हप्ता थकण्याच्या आधी केली तर शाखेतील माणसे ऐकतात, हा आमचा अनुभव आहे. सप्टेंबरच्या अखेरीस ती परत गेली, तेव्हा ती वही आणि त्या ईमेलच्या प्रती दाखवून तिने बुडालेल्या प्रात्यक्षिकांची जादा सत्रे लेखी मागून घेतली. तिच्या वर्गातील ज्या मुलींनी काहीच नोंदवून ठेवले नव्हते, त्यांना हीच मागणी करताना फार त्रास झाला.

दंगल आणि युद्ध डोळ्यांना दिसते. नियमातला बदल दिसत नाही, पण तोही तितकाच घाव घालतो. आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयातून बारावी झालेला एक मुलगा पदवीनंतर कॅनडाला जाण्याच्या तयारीत होता. निर्वाहखर्चासाठी दाखवायची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर झाली, त्याच महिन्यात अभ्यास परवान्यांवर मर्यादा आली, आणि वडिलांनी बागायतीचा तुकडा गहाण ठेवून केलेला हिशेब एका फटक्यात कोलमडला. पोर्तुगीज पासपोर्टच्या भरवशावर मुलांना इंग्लंडमध्ये शिकवण्याचे बेत आखलेली कुटुंबे गोव्यात कमी नाहीत. ब्रेक्झिटनंतर, २०२१ च्या शैक्षणिक वर्षापासून, तिथे नव्याने जाणाऱ्या युरोपीय नागरिकाला सर्वसाधारणपणे स्थानिक दराने शुल्क भरण्याची सवलत उरलेली नाही. तरीही जुन्या माहितीवर बेत करणारे पालक मला अजून भेटतात.

म्हणून माझे ठाम मत आहे की विद्यार्थ्याला आधार देण्याचे काम तो निघण्यापूर्वी सुरू व्हावे आणि तो परतल्यावर थांबू नये. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंद करता येते. ती नोंद, पासपोर्ट आणि गुणपत्रिकांच्या प्रती घरी ठेवणे, इंटरनेट बंद पडल्यास कामी येणारे चार दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून देणे, ही एका संध्याकाळची कामे आहेत. परंतु सगळा भार कुटुंबावर टाकणेही योग्य नव्हे. अनिवासी गोमंतकीयांसाठी आपल्या सरकारचे स्वतंत्र आयुक्तालय आहे. परदेशात शिकणाऱ्या गोव्यातील मुलांची तालुकावार यादी तिथे असावी आणि संकट आल्यावर परतलेल्या प्रत्येक मुलामागे किमान सहा महिने एक अधिकारी नेमलेला असावा, ज्याने त्या मुलाच्या वतीने विद्यापीठाला, आयोगाला आणि बँकेला पत्रे लिहावीत. डिचोलीच्या किंवा वाळपईच्या शेतकरी बापाच्या पत्राला जे विद्यापीठ दाद देत नाही, ते राज्य सरकारच्या पत्राला सहसा देते. प्रवेश मिळवून देणाऱ्या सल्लागारांकडूनही, अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत साहाय्य करू, असे शुल्क घेतानाच लिहून घ्यायला हवे.

‘‘मुळात पाठवलेच कशाला?’’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जागा मिळाली नाही आणि मुलीला डॉक्टर व्हायचे होते, म्हणून पाठवले. संकटाच्या काळात या प्रश्नाने घरातल्यांचा अपराधभाव वाढण्यापलीकडे काहीही साधत नाही, आणि तो मुलीच्या कानावर पडला तर आपल्या स्वप्नामुळे आई आजारी पडली असे ती मानू लागते. आमच्याकडे असे काही दिवस गेले आहेत.

फोंडा, डिचोली, सत्तरी किंवा पेडण्यातील कोणाचे मूल परदेशात शिकत असेल अथवा जाणार असेल, आणि कागदपत्रांच्या तयारीबद्दल बोलायचे असेल, तर मला जरूर संदेश पाठवावा. माझी भाचीही बोलायला तयार आहे, विशेषतः मुलींशी. तिला शुक्रवारी सुट्टी असते. फोन करताना एवढेच लक्षात ठेवावे की तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे.