जन्मजात हृदयरोग असला की हार्ट ट्रान्सप्लांट होत नाही? साफ चुकीचं आहे

तो फॉरवर्ड परत फिरतोय, "लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालेल्यांचं मोठेपणी ट्रान्सप्लांट होत नाही, केलं तरी पेशंट वर्षभरात जातो, आणि हार्ट मिळतं फक्त पैसेवाल्यांना." माझ्या मावसबहिणीचं फॉन्टान ऑपरेशन झालंय (हार्टचा एकच पंप नीट चालतो अशांचं, शरीराकडून येणारं अशुद्ध रक्त थेट फुफ्फुसांकडे वळवणारं), तिलाही कुणीतरी पाठवला, म्हणून लिहितेय.

होत नाही? होतं. जगात मोठ्या माणसांची जेवढी हार्ट ट्रान्सप्लांट होतात त्यात 100 मागे साधारण 3-4 पेशंट जन्मजात दोषवाले असतात. अवघड आहे हे मान्य. आधी दोन-तीनदा छाती उघडलेली असते, हार्ट छातीच्या हाडाला आतून चिकटून बसलेलं असतं, करवत लागून फाटलं तर रक्त आवरत नाही, म्हणून सर्जन कित्येकदा आधी जांघेतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करून हार्ट-लंग मशीन जोडायची तयारी ठेवतात आणि मगच हाड कापतात. त्यात शिरा नेहमीच्या जागी नसल्या तर डोनरचं हार्ट काढतानाच त्याच्या मोठ्या रक्तवाहिन्याही जास्त लांबीच्या घेऊन याव्या लागतात, इकडे जोडणी करायला. आणि थंड पेटीतून आणलेल्या हार्टला वेळ साधारण 4 तासांचाच.

वर्षभरात जातो, हे तर अर्धवट ऐकून लिहिलंय. सुरुवातीचे काही आठवडे यांना इतरांपेक्षा जास्त धोक्याचे असतात, रक्तस्राव होतो, आधी दिलेल्या रक्तामुळे अँटीबॉडीज तयार झालेल्या असतात, त्या नव्या हार्टवर हल्ला करू शकतात. पण पहिलं वर्ष पार केलेले हे पेशंट पुढे बाकीच्या ट्रान्सप्लांटवाल्यांपेक्षा जास्त जगतात असं दिसलंय, कारण वय कमी असतं, डायबेटिससारखे आजारही कमी. हा भाग फॉरवर्डमध्ये का नाही?

पैशांचं म्हणाल तर खर्च लाखांत जातो, गोळ्या जन्मभर, ते खरंच आहे. पण हार्ट विकत मिळत नाही, 1994 च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. मुंबईत यादी झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या विभागीय केंद्राकडे असते आणि ब्लड ग्रुप, तब्येत किती गंभीर, हे बघून नंबर लागतो.

आणि लहानपणी नुसतं भोक बंद केलेल्या बहुतेकांना ट्रान्सप्लांटची वेळच येत नाही हो, त्यांना कशाला घाबरवता! ज्यांना खरंच लागू शकतं, म्हणजे फॉन्टानवाले वगैरे, ते असलं वाचून डॉक्टरकडे जायचं टाळतात, तोवर शिरांमधल्या वाढलेल्या दाबाने लिव्हर खराब होत जातं आणि मग हार्टसोबत लिव्हरही बदलायची वेळ येऊ शकते. बहिणीच्या डॉक्टरांनी म्हणूनच तिच्या लिव्हरची सोनोग्राफी दर वर्षी लावलीय.