मोर्तेलाचा बुरूज दोनदा पडला होता

भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावरच्या एका पडक्या बुरुजाचा फोटो सगळीकडे फिरतोय. खाली मजकूर असा: ‘या मध्ययुगीन बुरुजाने एकट्याने ब्रिटिश आरमाराला हरवलं. तो कुणालाच घेता आला नाही, शेवटी काळानेच मोडला. त्याचं नाव मार्टेलो, म्हणजे हातोडा.’ या बुरुजावर माझा फार जीव आहे, म्हणूनच हे खोडायला बसलो.

मध्ययुगीन तर तो नाहीच. सां-फ्लोराँच्या आखाताच्या तोंडाशी जेनोवाच्या राज्यकर्त्यांनी तो बांधला १५६०च्या दशकात, चाच्यांवर नजर ठेवायला. तोवर तोफांचं युग चांगलंच रुळलं होतं.

‘हरवलं’ हे मात्र निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं विलक्षण आहे. ८ फेब्रुवारी १७९४ रोजी ७४ तोफांची ‘फॉर्टिट्यूड’ आणि ३२ तोफांची ‘जुनो’ या ब्रिटिश युद्धनौकांनी अडीच तास भडिमार केला. बेट तोवर फ्रान्सकडे गेलं होतं. बुरुजावर फ्रेंचांच्या तोफा तीन, शिबंदी चाळिशीच्या आत. तरी त्यांनी लालबुंद तापवलेले गोळे टाकून ‘फॉर्टिट्यूड’ला आग लावली. तिच्यावर ६ ठार, ५६ जखमी. दोन्ही जहाजं मागे फिरली.

मजकूर इथेच थांबतो. पण ब्रिटिशांनी शेजारच्या उंचवट्यावर तोफा चढवून जमिनीवरून मारा चालूच ठेवला. बुरुजाच्या कठड्याला आतून जुन्या दोरखंडांचा पाच फूट जाड थर होता. एक तापलेला गोळा त्यात घुसला, दोर पेटले आणि दोन दिवसांत शिबंदीने शस्त्रं खाली ठेवली. त्याआधी, सप्टेंबर १७९३ मध्ये तर एकट्या ‘लोस्टॉफ’ या ब्रिटिश जहाजाने थोडेसे गोळे टाकताच आतले लोक पळाले होते; मग फ्रेंचांनी तो परत घेतला. म्हणजे पाच महिन्यांत बुरूज दोनदा पडला!

आणि काळाने मोडला? १७९६ मध्ये बेट सोडताना ब्रिटिशांनीच तो सुरुंगाने उडवला. आज दिसणारं ते उभं चिरलेलं अर्धं अंग दारूचं काम आहे, ऊनपावसाचं नाही. त्याच ब्रिटिशांनी पुढे नेपोलियनच्या धास्तीने इंग्लंडच्या किनाऱ्यावर याच धर्तीचे शंभरावर बुरूज बांधले आणि त्यांना ‘मार्टेलो’ म्हटलं.

इटालियनमध्ये ‘मार्तेलो’ म्हणजे हातोडा हे खरं, पण या बुरुजाचं नाव मोर्तेला. तो ज्या भूशिरावर आहे त्याचंच हे नाव, आणि ते आलंय जांभळाच्या कुळातल्या एका सुवासिक झुडपावरून. इंग्रजांच्या तोंडी अक्षरं उलटसुलट झाली, एवढंच.