काळे हातमोजे आणि मेथीची जुडी

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये असे आपल्याकडे सांगतात. या यादीत खुनी चित्रपटांचे गोत्रही कोणी घालून ठेवले असते, तर माझ्या गेल्या पावसाळ्यातल्या रात्री सुखाने गेल्या असत्या. मी स्लॅशरपटांचा जुना भक्त आहे. मुखवटा घातलेला एक अबोल इसम, त्याच्या हातातला सुरा आणि नको तेव्हा नको तेथे जाणारी पाच-सात तरुण मंडळी, एवढ्या भांडवलावर माझे कित्येक शनिवार निभावले आहेत. या प्रकारात डोक्याला ताप नसतो. कोण आधी जाणार ते चेहरे पाहून कळते आणि शेवटी जी मुलगी वाचते, ती पहिल्यापासूनच शहाण्यासारखी वागत असते. वरणभाताची कोणी तारीफ करत नाही, पण तो लागतोच, तसेच हे.

दुर्बुद्धी अशी झाली की 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या 1981 सालच्या दुसऱ्या भागात पलंगावरच्या जोडप्याला एकाच भाल्यात ओवण्याचा जो प्रसंग आहे, तो मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाने 1971 मध्येच 'अ बे ऑफ ब्लड'मध्ये जवळजवळ जसाच्या तसा दाखवला होता, हे मला कळले. मूळ पाहिल्याशिवाय चैन पडेना. पाहिले, तर खाडीकाठच्या एका जमिनीपायी तेरा माणसे मरतात. सातबाऱ्यावरून चाललेली भाऊबंदकी पाहत वाढलेल्या माणसाला यात परके असे काहीच वाटले नाही आणि त्या आपलेपणाच्या भरात मी या चित्रपटांच्या संपूर्ण कुळाचा, म्हणजे 'जाल्लो'चा, अभ्यास करण्याचे ठरवले.

येथे आईचा प्रवेश होतो. आई रात्री दिवाणखान्यात दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत बसते आणि पडद्यावर जे असेल ते पाहते. चित्रपटांची नावे मी मराठीत करून सांगितली, तेव्हा 'स्फटिकाच्या पिसांचा पक्षी', 'नऊ शेपट्यांचे मांजर' आणि 'राखाडी मखमलीवरच्या चार माश्या' हे पंचतंत्राचे भाग असावेत अशी तिची समजूत झाली. 'बदकाच्या पिल्लाला छळू नका' ही तर तिला महापालिकेच्या उद्यानातली पाटीच वाटली. जाल्लो म्हणजे काय, असे तिने विचारले. इटालियनमध्ये जाल्लो म्हणजे पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने 1929 पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या, म्हणून तेथे रहस्यकथेलाच पिवळी म्हणू लागले, असे मी समजावले. आपल्याकडे पिवळे पुस्तक म्हणजे काय आणि ते दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळूनच का देत असे, हे मात्र सांगितले नाही. ती चूक पुढे महागात पडली.

जाल्लो पाहणे हे काम आहे. स्लॅशरमध्ये प्रश्न एवढाच असतो की पुढचा कोण. येथे खुनी कोण हेच ठाऊक नसते, कारण त्याचे फक्त काळे हातमोजे दिसतात. दारिओ आर्जेंतो यांच्या चित्रपटांत तर त्या हातमोज्यांत पुष्कळदा खुद्द दिग्दर्शकाचेच हात असत, त्यामुळे हातांवरून माग काढायचा तरी कोणाचा? नाव-गाव टिपत दीड तास जागावे, तर शेवटी गुन्ह्याचे मूळ कोणाच्या तरी बालपणात निघते आणि आपली वही व्यर्थ जाते. त्यातून नजर कथेवर ठरत नाही. बाव्हांच्या 'ब्लड अँड ब्लॅक लेस'मध्ये (1964) एका फॅशनगृहातल्या तरुणी एकामागून एक मारल्या जातात, पण प्रकाशयोजना गणेशोत्सवातल्या देखाव्यासारखी लाल, हिरवी, जांभळी. मी पुरावा शोधण्याऐवजी पडदे पाहत बसलो. त्या काळी इटलीत आवाज मागाहून भरत, त्यामुळे ओठ आणि शब्द यांची कायमची फारकत झालेली असते. आणि कितीतरी घरांत जे अँड बी स्कॉचची तीच पिवळ्या लेबलाची हिरवी बाटली दिसते. तीन चित्रपटांनंतर माझा पहिला संशय त्या बाटलीवरच जाऊ लागला.

खरी फजिती हिंसेने केली. कुऱ्हाडीने उडालेली मुंडकी पाहत भेळ खाणारा मी, आर्जेंतोंच्या 'डीप रेड'समोर (1975) उशी घेऊन बसलो. यात एका बाईचे तोंड कढत पाण्याच्या टबात बुडवतात आणि एका गृहस्थांचे दात फर्निचरच्या कोपऱ्यांवर आपटतात. कुऱ्हाड कोणाच्या मानेवर पडलेली नसते, पण गीझरचे पाणी अंगावर सांडलेले असते आणि टेबलाचा कोपरा तर रोज लागतो. दातांच्या प्रसंगी आईने नकळत कवळी चाचपली. हे सारे खोटे आहे असे मी स्वतःला बजावत होतो. पण लुचिओ फुल्ची यांच्या 1971 सालच्या एका चित्रपटातले चिरलेले कुत्रे खोटे आहेत, हे पटवण्यासाठी ते बनवणाऱ्या कार्लो राम्बाल्दींना न्यायालयात हजर व्हावे लागले होते. न्यायालयाची ही गत, तर माझी काय कथा?

'डीप रेड' मी त्याआधी दोनदा पाहिला होता. त्यात डेव्हिड हेमिंग्जने रंगवलेला पियानोवादक खुनाच्या जागी धावत जातो, चित्रांनी भरलेल्या एका बोळातून पुढे सरकतो, आणि तेथे आपण काहीतरी महत्त्वाचे पाहिले, पण काय ते आठवत नाही, या बोचणीपायी चित्रपटभर तूरिनच्या रस्त्यांवर वणवण करतो. या वेळी तो बोळातून जात असताना आईने मेथीची काडी मोडता मोडता विचारले, "अरे, त्या चित्रांच्या मधे कोण उभं आहे?"

मी म्हणालो, "आई, तीही चित्रंच आहेत."

"चित्र नाही. आरसा आहे तो. आत माणूस आहे."

मी मागे नेऊन पाहिले. आरसा होता. आत माणूस होता. खुनी कोण हे मला दोन वेळा पाहून ठाऊक होते, पण तो चेहरा येथेच, सुरुवातीलाच, उघडपणे समोर ठेवलेला आहे, हे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या बाईने दाखवून द्यावे लागले. अजून पावणेदोन तास उरले होते. "मग त्या पोराला कोणी सांगत का नाही?" असे म्हणून आईने मेथी फ्रीजमध्ये ठेवली आणि ती झोपायला गेली. मी बसून राहिलो.

तेव्हापासून तिला गोडी लागली आहे. परवा सोसायटीचे सचिव देखभाल खर्चाची पावती घेऊन आले. रविवार असूनही डोळे असे तारवटलेले का, असे त्यांनी मला विचारले. मी काही बोलण्याआधीच आई चहा पुढे करत म्हणाली, "रात्री उशिरापर्यंत जागतो आम्ही. तो मला पिवळे सिनेमे दाखवतो. इटलीचे. मला पहिल्यांदा काही कळायचं नाही, पण आता सगळं आधीच ओळखते."

सचिवांनी चहा बशीत ओतलाही नाही. पावती मात्र दिली.