‘पंपाने फुप्फुसे आळशी होतात’ : एका संदेशाचा प्रतिवाद

चवथीच्या आधी घरे झाडायला काढली की मोबाइलवर दम्याविषयीचा एक संदेश फिरू लागतो. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. दमा म्हणजे छातीत साठलेला कफ. पंप (इनहेलर) घेतल्याने फुप्फुसे आळशी होतात आणि सवय जडते. पंपातले स्टिरॉइड हाडे पोखरते, त्यापेक्षा गोळी बरी. पाऊस सरला की पंप बंद करावा. छातीतली शिट्टी थांबली की दमा उतरला. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तो वर्गात वाचून दाखवला आणि ‘मॅडम, यात चुकीचे काय आहे?’ असे अगदी मनापासून विचारले, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

कफापासून सुरुवात करू, कारण पुढच्या सगळ्या चुका तिथूनच निघतात. दम्यात मूळ बिघाड श्वासनलिकांच्या भिंतीत असतो. ॲलर्जीच्या दम्यात धुळीतले किडे, बुरशी किंवा परागकण यांच्याविरुद्ध तयार झालेली आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडे अस्तरातल्या मास्ट नावाच्या पेशींवर बसलेली असतात. तोच घटक पुन्हा श्वासातून आत गेला की या पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही रसायने सोडतात, नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट स्राव वाढतो. काही तासांनी इओसिनोफिल या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि सूज टिकवून धरतात. म्हणजे कफ असतो, पण तो परिणाम आहे. तो पिवळसर दिसला तरी दर वेळी जंतुसंसर्गच असतो असे नाही, इओसिनोफिलमुळेही त्याला तो रंग येतो. सलग दोन वर्षे, वर्षाला किमान तीन महिने खोकला आणि बेडका पडतो तो दीर्घकालीन ब्राँकायटिस. तिथे कफाला मुख्य स्थान आहे आणि त्यामागे बहुधा विडी-सिगारेट किंवा चुलीचा धूर असतो. संदेश लिहिणाऱ्याने हे दोन आजार एकत्र कालवले आहेत.

थोडीशी सूज एवढा त्रास का देते, हे नळीच्या गणितातून कळते. प्रवाह संथ असेल तर नळीची त्रिज्या निम्मी झाल्यावर हवेला होणारा विरोध दुप्पट नव्हे, 16 पट होतो. त्यातच श्वास सोडताना छातीतल्या दाबाने या नळ्या आणखी दबतात. म्हणून हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणे जड जाते आणि शिट्टी मुख्यतः उच्छ्वासात ऐकू येते. वाफेने नाक मोकळे वाटेल, पण आवळलेला स्नायू वाफेने सैल होत नाही.

आता सवयीचा आक्षेप. फुप्फुस हा स्नायू नव्हे, तेव्हा ते आळशी होण्याचा प्रश्न येत नाही. मात्र या आक्षेपात सत्याचा एक कण आहे आणि तो झाकून ठेवू नये. निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल नळीचा स्नायू काही मिनिटांत सैल करते, पण सुजेला हात लावत नाही. बरे वाटते म्हणून रुग्ण तोच पंप पुन्हा पुन्हा ओढतो, आणि आत सूज वाढत राहते. वर्षाला 200 मात्रांचे तीन किंवा त्याहून अधिक निळे पंप लागणे ही दमा बळावण्याची धोक्याची खूण मानली जाते. नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये, असा सल्ला ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने 2019 मध्ये दिला तो याचसाठी. थोडक्यात, ज्याला लोक सवय म्हणतात ती बहुतेक वेळा उपचार अपुरा असल्याची तक्रार असते.

स्टिरॉइडविषयीचा मुद्दा तर उलटाच आहे. हाडे ठिसूळ होण्याची भीती मुख्यतः दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्यांची असते. सूज उतरवणाऱ्या पंपातल्या स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते आणि त्यातले ब्युडेसोनाइडसारखे स्टिरॉइड गिळले गेले तरी यकृतात बहुतांशी निष्प्रभ होते. साल्ब्युटामॉलचा हिशेब आणखी स्पष्ट आहे: दोन फवारे म्हणजे 200 मायक्रोग्रॅम, तर एक गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे वीसपट. हातांची थरथर आणि छातीतली धडधड गोळीने अधिक का होते, हे विद्यार्थिनींनी यावरूनच ओळखावे. स्टिरॉइडच्या पंपाने तोंडात बुरशी येऊ शकते, हे खरे. त्यासाठी चूळ भरून पाणी थुंकायचे असते.

‘पंपाने काही होत नाही’ असे म्हणणाऱ्याला आधी आपल्यासमोर पंप घ्यायला लावावे. सत्तरीतल्या एक वृद्धा मला वॉर्डात म्हणाल्या, ‘बाय, हे वारे माझ्या कामाचे नाही.’ त्यांनी पंप न हलवताच तोंडाशी धरला, दाबला आणि मग श्वास घेतला; पांढरा फवारा ओठांच्या कडेने बाहेर येऊन चष्म्यावर बसला. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावून, सावकाश श्वास घेऊन दहा सेकंद रोखायला शिकवल्यावर तेच औषध त्यांना लागू पडले.

पाऊस सरल्यावर पंप बंद करण्याचा सल्ला गोव्यात विशेष घातक आहे. धुळीतले किडे हवेतली आर्द्रता शोषून जगतात आणि आपल्याकडे गाद्या, उशा, माळ्यावरची गाठोडी पावसाळाभर दमट असतात. पाऊस थांबला म्हणून ती एका आठवड्यात सुकत नाहीत. शिवाय लक्षणे गेली तरी भिंतीतली सूज मागे राहते. मात्रा कमी करायची ती दमा काही महिने आटोक्यात राहिल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने.

राहिली शिट्टी. शिट्टी वाजायला हवा वाहावी लागते. नळ्या फार आवळल्या आणि रुग्ण थकला की छाती शांत होते, ती बरी झाल्यामुळे नव्हे. झटक्याच्या सुरुवातीला श्वास जलद चालल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. दमलेल्या रुग्णाचा अहवाल ‘नॉर्मल’ आला, तर तो आकडा उतरणीवरचा नसून चढणीवरचा असतो. अशा वेळी रुग्ण वाक्य पुरे करू शकतो का, मानेचे स्नायू ओढले जात आहेत का, तो गुंगत चालला आहे का, हे पाहावे आणि स्टेथोस्कोप गळ्यात टाकून आधी डॉक्टरांना हाक मारावी.