जहाज सातला, विमान साडेदहाला

क्रूझवरून घरी परतण्याचं नियोजन अवघड असतं असं म्हणणारे लोक मुळातच भित्रे असतात. तुम्ही तसे नाही. तुम्ही समुद्र पाहिलात, डेकवर टॉवेल टाकून खुर्च्या अडवल्यात, रात्री बाराला पुन्हा एकदा जेवलात. आता शेवटचा दिवस मिळमिळीत जाऊन कसं चालेल? म्हणून मुंबई बंदरात उतरून विमानाने नागपूर, इंदूर, हैदराबाद अशा आपापल्या गावी जाणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन करतो. अनुभव गेल्याच महिन्यातला आहे, त्यामुळे जखम अजून ओली आहे. नियोजन माझ्या साडूभाऊंचं होतं. तेव्हा पुढच्या सगळ्या ज्ञानाचं श्रेय त्यांचं, मी नुसता लेखनिक.

सुरुवात वेळेपासून करू. कागदावर 'आगमन सकाळी ७' असं छापलेलं असलं, की सातला आपण बॅगांसकट बॅलार्ड इस्टेटच्या फुटपाथवर उभे असू असं खुशाल धरून चाला. साडूभाऊंनी तेच धरलं आणि साडेदहाच्या विमानाची तिकिटं काढली. "घसघशीत साडेतीन तास आहेत हो, नाश्ता करून जाऊ!" त्यांचंही बरोबर आहे. नागपुरात धरमपेठेतून निघालं की चहा गरम असेपर्यंत सोनेगावचं विमानतळ येतं. मुंबई त्यापेक्षा थोडी मोठी असेल, इतकंच.

आता सात वाजता काय होतं ते ऐका. सातला जहाज धक्क्याला टेकतं. टेकतं म्हणजे टेकायला लागतं. बंदराचा पायलट आधीच वर चढलेला असतो, टगबोटी ते धूड इंच इंच सरकवत असतात, मग दोर फेकले जातात, बांधले जातात, मग शिडी लागते, मग कागदपत्रं इकडून तिकडे जातात. हे सगळं होईपर्यंत आतली हजारभर माणसं कपडे करून, पर्स काखेत मारून तयार असतात. आणि मग पुकारा सुरू होतो. आधी महागड्या खोल्यांवाले. मग पिवळ्या टॅगवाले. मग हिरवे. आमचा टॅग जांभळा. जांभळ्यांना थिएटरात बसवलं होतं, जिथे आदल्याच रात्री जादूगाराने एका काकांच्या कानातून पत्ते काढले होते. साडूभाऊ दर दोन मिनिटांनी उठून दारातल्या पोराला सांगत होते, "आमचं फ्लाइट आहे." त्या पोराचा संयम थोर. थिएटरातल्या प्रत्येकाचं फ्लाइट होतं! मागच्या रांगेतल्या हैदराबादच्या कुटुंबाचं तर आमच्या आधीचं होतं. तरी साडूभाऊंनी रांग मोडायचा प्रयत्न केलाच, शिवाय आम्हा सगळ्यांना हातवारे करून "या, या, पुढे या" म्हणून बोलावलं. भर सभेत. सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. मी छताकडे बघत बसलो.

आमचा रंग पुकारला गेला तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. तरीही साडूभाऊंच्या मते वेळ भरपूर होता, कारण 'अजून दोन तास आहेत'. दोन तास विमान उडायला आहेत, अहो! काउंटर त्याच्या तासभर आधी बंद होतो. देशांतर्गत प्रवासात सामान टाकायचं तर ही वेळ धरावी लागते, हे तिकिटाखाली लिहिलेलं असतं. पण तिकिटाखालचं वाचायचं नाही, ही आपली दुसरी सूचना.

तिसरी सूचना बॅगांची. आदल्या रात्री टॅग लावून मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या खाली टर्मिनलच्या हॉलमध्ये मिळतात. त्या बॅगेत सगळं भरा. उद्याचे कपडे, चार्जर, आधार कार्ड. सासूबाईंची सकाळची बीपीची गोळीही त्यातच भरा. (भरली होती. माझ्या मेव्हणीने. 'हातात ओझं नको' म्हणून.) हॉलमध्ये गेल्यावर ओळख पटावी म्हणून हँडलला लाल रिबन बांधा, कारण ही कल्पना दुसऱ्या कुणाला सुचलेलीच नसते. त्या हॉलमध्ये इतक्या लाल रिबनी फडफडत होत्या की जत्रेत आल्यासारखं वाटलं. आमची बॅग मिळाली ती रिबनीवरून नाही, चाक तुटलेलं होतं त्यावरून. गोळी तिथेच, बॅग जमिनीवर उघडून, साड्या उपसून काढली. पाणी हैदराबादवाल्यांनी दिलं.

शक्यतो सोमवारी सकाळी उतरा. रविवारी रस्ते मोकळे असतात, त्यात मजा नाही. अपवाद जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारचा, तो मात्र चुकवू नका.

टॅक्सीचं आधी काही ठरवू नका. जहाजातून उतरलेले सगळे एकाच क्षणी एकच ॲप उघडतात, त्यामुळे गाड्या धावत येतात. 'चालक ४ मिनिटांत पोहोचेल.' मग ६. मग ९. मग फोन: "कुठं जायचंय? कॅश की ऑनलाइन?" पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मेट्रोचा तर विचारही मनात आणू नका. ॲक्वा लाइन २०२५ च्या ऑक्टोबरपासून थेट कफ परेडपर्यंत धावते, सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही दोन्ही स्टेशनं बंदराच्या अंगाला आहेत, आणि तीच गाडी विमानतळाच्या टी-१ (म्हणजे टर्मिनल १) लाही थांबते नि टी-२ लाही. जमिनीखालून जात असल्यामुळे सिग्नल नाही, खोदकाम नाही, मंत्र्यांचा ताफा नाही. ढिगाने बॅगा असतील तर जिने-लिफ्ट करताना तारांबळ होते हे मान्य. पण एक ट्रॉली नि एक सॅक घेऊन एकट्याने जाणाऱ्या माणसानेही दीड हजार मोजून कुर्ल्याच्या पुलाखाली बसून राहावं, यात एक शान आहे.

आम्हाला अखेर दोन गाड्या मिळाल्या. नाश्ता राहिला होता, तो साडूभाऊंनी आठवणीने बोलून दाखवला. पी. डिमेलो रोडवरून फ्रीवेला लागलो तेव्हा त्यांचा चेहरा असा काही खुलला की फ्रीवे त्यांनीच बांधलाय. "बघा, उगाच घाबरवता तुम्ही लोक." तुम्ही लोक म्हणजे मी. फ्रीवे चांगलाच आहे हो, तक्रार नाही. तो चेंबूरच्या बाजूला उतरवतो आणि तिथून पुढे मुंबई सुरू होते. सोमवार, सकाळचे नऊ, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड. अजून काही सांगायला हवं?

आणि आता आजची खास सूचना: ड्रायव्हरला नुसतं 'एअरपोर्ट' सांगा. टर्मिनल सांगू नका, विचारलं तरी 'मेन एअरपोर्ट' म्हणा. टी-१ सांताक्रूझला, टी-२ सहारला, आणि एकाच कंपनीची काही विमानं इथून तर काही तिथून उडतात. आमचं तिकीट टी-१ चं. आमच्या दोन्ही गाड्या टी-२ च्या त्या भव्य छताखाली जाऊन उभ्या राहिल्या. सामान उतरवलं. दारावरच्या जवानाने तिकीट बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "ये तो टी-वन का है." गाड्या गेलेल्या. ॲप पुन्हा उघडलं. चालक ४ मिनिटांत.

हौस अजून भागली नसेल तर नवी मुंबईचं विमानतळ आहेच. तिथून २०२५ च्या डिसेंबरअखेरपासून विमानं सुटतात. तिकीट शोधताना 'मुंबई' टाकलं की तेही यादीत येतं, चारशे रुपयांनी स्वस्त दिसतं. विमानतळाचा कोड मात्र नेहमीच्या मुंबईचा बीओएम नसतो, एनएमआय असतो, पण अक्षरं वाचायची सवय आपल्याला नाही हे वर आलंच आहे. मग अटल सेतूचा टोल भरा, उलव्याच्या बाजूला जा, चारशे रुपये वाचवल्याचा आनंद वाटेत साजरा करा. बंदरातून सकाळी तिकडे जाणं एखाद्या दिवशी सहारपेक्षा सोपंही पडेल. पण ते आधी माहीत असलेल्या माणसाला, टी-२ च्या दारात कळलेल्याला नव्हे.

गोव्यात मुरगाव बंदरात उतरणार असाल तर विमान मोपाचं घ्या. दाबोळीचं विमानतळ तिथून जेमतेम काही मिनिटांवर आहे, एवढं जवळचं काय घ्यायचं? मोपा २०२३ पासून सुरू आहे, पार पेडण्याला, गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. गोव्याच्या टॅक्सीबद्दल मी काहीही बोलणार नाही.

टी-१ ला पोहोचलो तेव्हा विमान उडायला पंधरा-वीस मिनिटं होती. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "सर, क्लोज झालंय." आणि साडूभाऊ तिच्यावर ओरडायला लागले. जहाज उशिरा आलं, ट्रॅफिक होतं, आमच्यासोबत म्हातारं माणूस आहे, मॅनेजरला बोलवा, तुमची तक्रार करतो, मी कोण आहे तुम्हाला माहीत नाही. एक तर जहाज उशिरा आलं नव्हतं. सातला सांगितलं होतं, सातला आलं. आणि आलं असतं जरी दहाला, तरी त्या विमान कंपनीचा संबंध काय? तिकीट वेगळं, कंपनी वेगळी. जहाजाला उशीर झाला म्हणून विमान कुणी तुम्हाला पुढचं फुकट देत नाही. चुकलेल्या तिकिटाचे परत मिळतात ते कर-बिर तेवढे.

ती मुलगी चोवीस-पंचवीसची असेल. तिने एवढंच केलं की घड्याळाप्रमाणे खिडकी बंद केली. साडूभाऊ, तुम्ही तिला रडवलंत. आणि म्हातारं माणूस सोबत आहे, हे तुम्हाला काउंटरवर आठवलं? तिकीट काढताना नाही आठवलं? त्या बाई गुडघ्यांना पट्टे बांधून चालतात. त्यांना तुम्ही धक्क्यावरून हॉलमध्ये, हॉलमधून गेटबाहेर, टी-२ च्या फुटपाथवर, तिथून टी-१ च्या दारात पळवलंत, उपाशी, गोळी उशिरा घेतलेली. व्हीलचेअर आधी सांगितली असती तर मिळाली असती, ती सांगायलाही एक फोन करावा लागतो. दुपारचं विमान अकराशे रुपयांनी महाग होतं म्हणून हे सगळं. जहाजावर स्पावर किती उडवलेत ते मला माहीत आहे, बिल खोलीच्या दाराखालून आलं होतं.

आणि तुम्ही वाचणारेही हसू नका राजेहो. तुमच्याही घरात असा एक नियोजनकार आहे, आणि तुम्ही त्याला काही बोलत नाही, कारण तो 'सगळं बघतो'. बघू देऊ नका. सकाळी जहाज लागणार असेल तर दुपारी दोनच्या आतलं विमान घेऊच नका. बहुतेक जहाज कंपन्याही दुपारच्या आधीचं विमान नको असंच सांगतात, बारीक अक्षरात का होईना. संध्याकाळचं मिळालं तर उत्तम. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवा, आईला कुठेतरी पंख्याखाली बसवून जेवू घाला. गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि तिला टर्मिनलचं नाव लिहून पाठवा. औषधं, ओळखपत्र, चार्जर हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. आणि नागपूरला जायचं असेल तर रात्रीची दुरांतो बंदरापासून हाकेवरच्या सीएसएमटीवरून सुटते, झोपून जा, सकाळी घरी. साडूभाऊंना ट्रेन नको होती. क्रूझवरून आलेला माणूस ट्रेनने उतरला तर स्टेशनवर घ्यायला आलेले लोक काय म्हणतील!

संध्याकाळच्या विमानाची नवी तिकिटं जुन्यांच्या अडीचपट पडली. ती माझ्या कार्डावर काढली, कारण साडूभाऊंचं कार्ड 'चालत नव्हतं'. काल फॅमिली ग्रुपवर त्यांचा मेसेज आलाय, खर्चाची कॉन्ट्री सगळ्यांनी सारखी वाटून घेऊ म्हणून. सारखी कशासाठी? ज्याने साडेदहाचं विमान घेतलं, त्याने भरावी.